विली मॉस्कोनी : बटाट्यांवर सराव करून जगज्जेता झालेला खेळाडू



कॅरम तुम्ही सगळेच खेळता. उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून बोर्ड खाली येतो, बोरिक पावडर भुरभुरली जाते आणि दुपार कशी सरते ते कळत नाही. आई-बाबा काही म्हणत नाहीत. उलट, पोरं उन्हात हिंडण्यापेक्षा हे बरं, असंच त्यांना वाटतं. पण हाच मुलगा जर नाक्यावरच्या मंडळाच्या खोलीत, मोठ्या मुलांच्या घोळक्यात रोज संध्याकाळी कॅरम खेळताना दिसला, तर? मग शेजारचे काका घरी येऊन सांगतात, जरा लक्ष ठेवा, मुलगा वाया जातोय. बोर्ड तोच, सोंगट्या त्याच, स्ट्रायकरही तोच. बदलली ती फक्त जागा आणि बघणाऱ्याची नजर.

आज ज्या माणसाची ओळख मी करून देणार आहे, त्याने आयुष्यभर या नजरेशी झगडा केला. खेळात तर तो जवळजवळ अजिंक्य होता. नजरेशी मात्र त्याची लढाई शेवटपर्यंत चालू राहिली. त्याचं नाव विल्यम जोसेफ मॉस्कोनी. सगळं जग त्याला विली मॉस्कोनी म्हणून ओळखतं. खेळ होता पूल.

आधी खेळ समजून घेऊ. हिरव्या कापडाचं मोठं टेबल, त्याला सहा पॉकेट. टेबलावर पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा चेंडू. हातात लांब लाकडी काठी, तिला क्यू म्हणतात. क्यूने मारायचं ते फक्त पांढऱ्या चेंडूला आणि त्याच्या धडकेने रंगीत चेंडू पॉकेटमध्ये घालायचा. म्हणजे आपल्या कॅरमच्या स्ट्रायकरचंच काम इथे पांढरा चेंडू करतो. फरक असा की चेंडू गोल असतो, त्याला फिरकी देता येते. चेंडूच्या खालच्या भागावर टोला बसला की तो धडक देऊन मागे येतो, वरच्या भागावर बसला की पुढे धावतो. चांगला खेळाडू नुसता समोरचा चेंडू घालत नाही, पुढच्या चेंडूसाठी पांढरा चेंडू कुठे थांबायला हवा हे आधी ठरवतो. बुद्धिबळासारखं डोकं आणि सुतारासारखा हात, दोन्ही लागतात बरं का!

मग अशा खेळाची बदनामी का झाली? याचं एक कारण नावातच आहे. इंग्रजीत पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून जमा केलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावण्याचे अड्डे असत, त्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत लोकांनी कंटाळून निघून जाऊ नये म्हणून मालकांनी तिथे बिलियर्ड्सची टेबलं ठेवली. हळूहळू अड्ड्याचं नाव टेबलाला चिकटलं, आणि अड्ड्याची बदनामीही. सिगारेटचा धूर, दारू, पैजा, भांडणं असलं चित्र पूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उभं राहू लागलं.

हे प्रकरण किती पुढे गेलं होतं पाहा. कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडेना या गावाने पैसे घेऊन बिलियर्ड्स खेळू देणाऱ्या जागांवर बंदीच घातली. मर्फी नावाच्या एका मालकाला शिक्षा झाली आणि त्याचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९१२ मध्ये न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. आळस आणि त्यातून वाईट संगत वाढू शकते, म्हणून गावाला अशी बंदी घालता येते, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की त्या नियमात एक सवलत होती. पंचवीस किंवा जास्त खोल्या असलेल्या हॉटेलला आपल्या पाहुण्यांसाठी टेबल ठेवता येत होतं! म्हणजे मोठ्या हॉटेलात उतरणारा खेळला तर तो विरंगुळा आणि गल्लीतला कामगार खेळला तर तो आळस. हा भेद लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या निकालानंतर पुढच्याच वर्षी, २७ जून १९१३ रोजी, फिलाडेल्फिया शहरात विलीचा जन्म झाला. घर इटालियन वंशाच्या लोकांचं. वडील जोसेफ मॉस्कोनी आधी मुष्टियुद्ध खेळलेले, आणि आता चक्क एका पूलरूमचे मालक. खाली टेबलं आणि वर घर. तुम्हाला वाटेल, मग काय, पोराची मजाच! पण झालं उलटंच. पूलरूमचं वातावरण जोसेफना आतून ठाऊक होतं. आपल्या मुलाने यात पडू नये असं त्यांनी ठरवून टाकलं. नात्यातली काही मंडळी रंगभूमीवर नाचाचे कार्यक्रम करून नाव मिळवत होती. आपल्या विलीनेही नर्तक व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून काम संपलं की ते चेंडू आणि क्यू कुलपात ठेवत.

विली पाच-सहा वर्षांचा. दिवसभर मोठ्यांचा खेळ बघून त्याच्या डोक्यात तेच फिरत असणार. मग त्याने काय केलं? आईच्या स्वयंपाकघरातून छोटे गोल बटाटे उचलले, झाडूचा दांडा घेतला, पाय पोचावेत म्हणून खोक्यावर उभा राहिला आणि रात्री सगळे झोपले की टेबलावर बटाट्यांचा खेळ सुरू! मित्रांनो, बटाटा काही गुळगुळीत चेंडू नव्हे. तो कुठेही उड्या मारतो, वाकडा पळतो. बटाट्यावर ज्याचा नेम बसला, त्याला खऱ्या चेंडूचं काय कठीण?

चोरी अर्थातच पकडली गेली. वडील चिडले. पण मुलाचा हात पाहिल्यावर त्यांच्यातला व्यावसायिक जागा झाला. हा एवढासा पोरगा खेळताना बघायला लोक येतील, आणि पैसेही देतील! ज्या खेळापासून त्याला दूर ठेवायचं होतं, त्याचंच प्रदर्शन त्यांनी भरवायला सुरुवात केली. सहा वर्षांच्या विलीचा सामना थेट त्या वेळचा जगज्जेता राल्फ ग्रीनलीफ याच्याशी लावला गेला. विली हरला, पण असा खेळला की ग्रीनलीफसारखा खेळाडूही प्रभावित झाला आणि या मुलाची शहरभर चर्चा झाली.

यापुढचं वाचून तुम्ही हसाल. विलीने सातव्या वर्षी निवृत्ती घेतली! होय, खरंच. खेळाचं काम झालं, रोज लोकांपुढे उभं राहायचं झालं आणि त्याला कंटाळा आला. ज्या वयात आपण दुसरीच्या वर्गात बाकावर बसतो, त्या वयात या मुलाने एक कारकीर्द संपवली होती. मला स्वतःला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बटाट्यांनी खेळताना जी गोडी होती, ती तिकिटं लावल्यावर उरली नाही. पालकांनीही हे वाचावं.

मग तो पूलकडे परत कसा आला? हौसेने नाही, गरजेने. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. कारखाने बंद पडले, लाखो लोकांचे रोजगार गेले. मॉस्कोनींच्या घरात आजारपण होतं, कमावणारं माणूस हवं होतं. विली खुर्च्या-सोफ्यांना गाद्या आणि कापड बसवण्याचं काम करत होता. ती नोकरीही गेली. तेव्हा एका स्थानिक पूल स्पर्धेत बक्षीस आहे असं त्याला कळलं. तो उतरला आणि जिंकला. घरात किराणा आला. नर्तक व्हायचं राहून गेलं ते कायमचं.

१९३३ पर्यंत तो राष्ट्रीय स्पर्धांत चमकू लागला होता. टेबलं बनवणारी ब्रन्सविक ही अमेरिकेतली मोठी कंपनी. तिने या वीस वर्षांच्या तरुणाला नोकरीवर घेतलं आणि ग्रीनलीफसोबत देशभर प्रदर्शनी सामने खेळायला पाठवलं. गावोगाव शंभरावर सामने झाले. सहा वर्षांच्या विलीने ज्याच्यापुढे हार पत्करली होती, तोच आता रोजचा सोबती आणि रोजचा गुरू. एकूण हिशेबात ग्रीनलीफ थोडक्यात पुढे राहिला. पण या दौऱ्यात विली दोन गोष्टी शिकला. एक म्हणजे पल्लेदार, अचूक खेळ. दुसरी म्हणजे रुबाब. ग्रीनलीफ उत्तम कपडे घालून, एखाद्या नटासारखा टेबलापाशी येत असे. विलीने हा भाग पक्का उचलला.

इथून पुढे आपण त्यांना आदराने मॉस्कोनी म्हणू, कारण १९४१ मध्ये ते जगज्जेते झाले. त्या वर्षीची स्पर्धा एका आठवड्यात उरकणारी नव्हती, महिनोन्‌महिने चाललेली लांबलचक साखळी स्पर्धा होती. त्यात ते इतरांच्या कितीतरी पुढे राहिले. १९४१ ते १९५७ या काळात त्यांनी जागतिक विजेतेपद एकूण पंधरा वेळा मिळवलं. पंधरा वेळा! मध्ये दुसरं महायुद्ध झालं, लष्करात जावं लागलं, तरीही.

ते खेळत त्या प्रकाराला स्ट्रेट पूल म्हणतात. नियम सोपा आहे, खेळणं महाकठीण. कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार हे आधी सांगायचं. घातला की एक गुण. चुकला की पाळी गेली. चौदा चेंडू घातले की ते पुन्हा मांडायचे, पंधरावा जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि खेळ पुढे चालू. म्हणजे तुम्ही चुकत नाही तोवर समोरच्याने खुर्चीवर बसून बघत राहायचं. १९५६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या किन्स्टन इथे जिमी मूर या मोठ्या खेळाडूविरुद्ध मॉस्कोनींनी दीडशे गुणांचा डाव एकाच पाळीत संपवला होता.

पण सगळ्यात प्रसिद्ध झाली ती १९ मार्च १९५४ ची पाळी. ठिकाण होतं ओहायो राज्यातलं स्प्रिंगफील्ड. मोठी स्पर्धा नव्हती, साधा प्रदर्शनी सामना होता, स्थानिक खेळाडूबरोबर दोनशे गुणांचा. टेबलही आठ फुटी, म्हणजे स्पर्धेच्या टेबलापेक्षा थोडं लहान. मॉस्कोनींनी दोनशे गुण केले, सामना जिंकला. पण चेंडू चुकला नव्हता ना! मग ते खेळत राहिले. तीनशे झाले. चारशे झाले. पाचशे झाले. सुमारे दोन तास एक माणूस टेबलाभोवती फिरतोय आणि एकामागून एक चेंडू पॉकेटमध्ये जातोय. थांबले तेव्हा आकडा होता ५२६. तुम्ही गणित करून पाहा, चौदा-चौदा चेंडूंची मांडणी किती वेळा करावी लागली असेल? साधारण सदतीस वेळा.

असल्या खेळाच्या खोलीत घडलेल्या विक्रमावर बाहेरचं जग विश्वास ठेवील का? पूलवाल्यांच्या गप्पा म्हणून हसण्यावारी नेलं तर? म्हणून लगेच प्रतिज्ञापत्र लिहिलं गेलं, त्यावर हजर असलेल्या पस्तीसहून जास्त प्रेक्षकांनी सह्या केल्या आणि ते नोटरीकडून प्रमाणित करून घेतलं. बेसबॉलच्या मैदानावर कुणी चेंडू सीमेपार मारला तर शपथपत्र करावं लागत नाही. वर्तमानपत्रवाले तिथे बसलेले असतातच.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मॉस्कोनी स्पर्धेला येत ते सूट आणि टाय घालून. केस नीट विंचरलेले, बूट चकचकीत. खेळाला पूल म्हटलेलं त्यांना रुचत नसे, पॉकेट बिलियर्ड्स म्हणा असा त्यांचा आग्रह. १९४८ मध्ये त्यांनी शिकणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं आणि १९६५ मध्ये आणखी एक. दोन्हींच्या नावांत पॉकेट बिलियर्ड्स हेच शब्द आहेत. कंपनीच्या वतीने ते देशभर फिरत, प्रदर्शनं करत, नवख्यांना क्यू कसा धरायचा ते शिकवत. हा कुटुंबाने मिळून खेळण्यासारखा, सभ्य लोकांचा खेळ आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. नुसतं नाव बदलून काही होतं का, असं तुम्ही विचाराल. पण त्या हॉटेलच्या पंचवीस खोल्यांचा नियम आठवा. बिलियर्ड्स म्हटलं की क्लब, पूल म्हटलं की अड्डा, ही लोकांची समजूत होती. मॉस्कोनी ती ओळखून होते.

त्या समजुतीची थट्टा रंगभूमीवरही झाली. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द म्युझिक मॅन’ हे संगीत नाटक आलं. त्यातला भामटा विक्रेता एका भोळ्या गावाला घाबरवतो की गावात पूलचं टेबल आलंय, आता तुमची मुलं बिघडणार, आणि त्यांना वाचवायचं तर माझ्याकडून वाद्यं घ्या. नाटककाराला हसायचं होतं ते गावाच्या भित्रेपणावर. पण गाणं इतकं गाजलं की अनेकांच्या लक्षात टेबल तेवढं राहिलं आणि विनोद विसरला गेला.

मग आला १९६१ चा ‘द हसलर’ हा चित्रपट. हसलर म्हणजे कोण? जो आधी मुद्दाम वाईट खेळतो, समोरच्याला वाटू देतो की हा कच्चा आहे, पैज वाढवत नेतो आणि शेवटी खरा खेळ दाखवून पैसे घेऊन जातो. वॉल्टर टेव्हिस यांच्या कादंबरीवरून हा चित्रपट झाला. नायक पॉल न्यूमन. त्याला पूल खेळता येत नव्हतं. शिकवायला कुणाला बोलवावं? अर्थातच मॉस्कोनींना!

इथे जरा थांबा आणि विचार करा. ज्या माणसाने पैजा, फसवणूक, धुरकट खोल्या या प्रतिमेविरुद्ध आयुष्य घालवलं, तोच माणूस त्या प्रतिमेवरच्या सर्वात मोठ्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार झाला. न्यूमनला त्यांनी उभं राहायला शिकवलं, क्यू धरायला शिकवलं. जे अवघड टोले न्यूमनच्या आवाक्याबाहेर होते, तिथे पडद्यावर दिसतात ते मॉस्कोनींचे हात. एका प्रसंगात ते स्वतःही दिसतात, पैजेची रक्कम सांभाळणारा माणूस म्हणून. पंधरा वेळा जगज्जेता झालेला माणूस, आणि पडद्यावर त्याच्या हाती दिले ते पैजेचे पैसे! त्यांनी नकार का दिला नसेल? काम होतं, मोबदला होता आणि निदान पडद्यावरचा खेळ तरी खरा दिसावा ही इच्छाही असेल. मी त्यांना दोष देणार नाही. चुकीचं दाखवण्यापेक्षा नीट दाखवलेलं बरं, असा विचार कुठलाही कारागीर करतो.

चित्रपट तुफान चालला. नऊ ऑस्कर नामांकनं, दोन पुरस्कार. आणि एक विचित्र गोष्ट घडली. मरगळलेला पूलचा धंदा एकदम उसळला. नवीन पूलरूम उघडल्या, तरुण पोरं क्यू घेऊन रांगा लावू लागली. इतकी वर्षं सूट-टाय घालून, सभ्य खेळ म्हणून प्रचार करून जे झालं नव्हतं, ते एका हसलरच्या गोष्टीने करून दाखवलं. खेळ वाढला, पण तीच प्रतिमा घेऊन.

यावर कळस म्हणजे मिनेसोटा फॅट्स. चित्रपटात या नावाचा एक मातब्बर खेळाडू आहे. पात्र काल्पनिक. पण रुडॉल्फ वॉन्डरोन नावाचा एक खरा हसलर होता, देहाने अगडबंब, जिभेने त्याहून मोठा. तोवर लोक त्याला न्यूयॉर्क फॅट्स म्हणत. चित्रपट गाजताच त्याने जाहीर करून टाकलं की ते पात्र माझ्यावरूनच घेतलंय! लेखक टेव्हिस यांनी स्पष्ट नकार दिला, पुन्हा पुन्हा दिला. कुणी ऐकलं नाही. वॉन्डरोन मिनेसोटा फॅट्स झाला तो झालाच. टीव्हीवर झळकला, पुस्तक काढलं, घराघरांत पोचला. त्याने एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. पण रस्त्यावरच्या माणसाला विचारलं की जगातला सर्वात भारी पूल खेळाडू कोण, तर उत्तर यायचं, मिनेसोटा फॅट्स. मॉस्कोनींचा किती संताप झाला असेल? ते मुळातच तापट होते. या माणसाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

शेवटी दोघं समोरासमोर आले. १४ फेब्रुवारी १९७८, न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेल. एबीसी वाहिनीवर प्रक्षेपण आणि समालोचनाला हॉवर्ड कोसेल, ज्यांचा आवाज अमेरिकेने मुहम्मद अलीच्या लढतींतून ओळखला होता. मॉस्कोनी चौसष्ट वर्षांचे. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्याला आता वीसेक वर्षं झाली होती. अंगात औपचारिक पोशाख, चेहरा गंभीर, हालचाल झपाझप. समोर फॅट्स, सतत बोलणारे, विनोद करणारे, प्रेक्षकांना हसवणारे. मॉस्कोनी टोला मारायला वाकले तरी त्यांची बडबड चालूच. तरीही निकाल एकतर्फी लागला. मॉस्कोनी जिंकले.

लाखो लोकांनी तो सामना पाहिला. पूलला इतके प्रेक्षक क्वचितच मिळाले असतील. मॉस्कोनींनी काय सिद्ध केलं ते सगळ्यांनी पाहिलं, पण हसू आणि टाळ्या घेऊन गेले ते फॅट्स. पुढेही दोघांचे टीव्हीवर सामने झाले, मॉस्कोनी जिंकत राहिले आणि फॅट्स प्रसिद्ध होत राहिले!

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. खेळाचं जास्त भलं कुणी केलं? पटकन उत्तर देऊ नका. अमेरिकेतल्या बिलियर्ड संघटनेने आपल्या हॉल ऑफ फेममध्ये मॉस्कोनींना १९६८ मध्ये घेतलं, खेळातल्या कर्तृत्वासाठी. १९८४ मध्ये त्याच यादीत वॉन्डरोन यांनाही जागा मिळाली, पण ती खेळाची सेवा केल्याबद्दल, खेळाडू म्हणून नव्हे. मला हा निवाडा योग्य वाटतो. बडबड्या माणसानेही लोकांना टेबलापर्यंत आणलं, हे नाकारता येत नाही. पण टेबलापर्यंत आलेल्याला तिथे काय पाहायला मिळालं, हे महत्त्वाचं आहेच की! आणि पाहण्यासारखं जे होतं, ते मॉस्कोनींकडे होतं.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स हे बिलियर्ड्स खेळाडू. १९५८ मध्ये कोलकात्यात झालेली जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा त्यांनी जिंकली आणि स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता ते ठरले. १९६४ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा जिंकले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. तरी तुमच्या वर्गात हात वर करायला सांगा, किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आपल्याकडे बिलियर्ड्सला अड्ड्याची नाही, तर साहेबांच्या क्लबची प्रतिमा चिकटली. तिकडे गरिबांचा खेळ म्हणून हिणवलं, इकडे श्रीमंतांचा म्हणून दुर्लक्ष केलं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आजवर आलेला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्यूच्या खेळांच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली तीही १९९८ मध्ये.

ती मान्यता पाहायला मॉस्कोनी नव्हते. सप्टेंबर १९९३ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या हॅडन हाइट्स इथल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय ऐंशी. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं होतं. त्याआधी, १९८६ साली, ‘द हसलर’चा पुढचा भाग निघाला होता आणि त्यातल्या पूल खेळाडूच्या भूमिकेसाठी पॉल न्यूमनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं.

५२६ चा विक्रम मात्र पासष्ट वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिट या अमेरिकन खेळाडूने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ६२६ चेंडूंची सलग पाळी खेळली. त्या पाळीचा व्हिडिओ आहे. स्प्रिंगफील्डच्या त्या दोन तासांसाठी आहे तो पस्तीस माणसांच्या सह्यांचा कागद.